फुलदाणीच्या बुडावरची सही

जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने कोल्हापुरी घाटाच्या चपला उगमाचा उल्लेख न करता दाखवल्या, तेव्हा महाराष्ट्रात उसळलेला संताप मला इथे, अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात, पूर्णपणे पटला होता. 2019 मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे वस्तूचे नाव तिच्या मूळ प्रदेशाशी कायद्याने जोडणारी नोंद, मिळालेल्या वस्तूच्या बाबतीत हे घडायला नको होते. टीकेनंतर कंपनीने प्रेरणा भारतीय हस्तकलेची असल्याचे मान्य केले आणि तिचे प्रतिनिधी कोल्हापुरात येऊनही गेले. मात्र ‘आमची चप्पल’ असे ठणकावून सांगणाऱ्या त्या चर्चेत ती शिवणाऱ्याचे नाव क्वचितच कानावर आले.

उसनवारी या शहरानेही केली आहे. 1876 च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनातल्या जपानी भांड्यांनी भारावलेल्या मारिया लाँगवर्थ निकल्स यांनी 1880 मध्ये इथे ‘रुकवुड’ हा कुंभारकामाचा कारखाना काढला. पण त्यांनी जपानी शैली घेतली, तसा जपानी चित्रकारही घेतला: 1887 मध्ये कातारो शिरायामादानी तिथे पगारावर रुजू झाले. 1889 मध्ये पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात रुकवुडला सुवर्णपदक मिळाले आणि 1900 मध्ये तिथेच ‘ग्रां प्री’ हा सर्वोच्च सन्मान.

इथल्या कलासंग्रहालयात रुकवुडच्या फुलदाण्या आहेत. चकचकीत झिलईखालच्या फुला-पानांपेक्षा मला त्यांचे बूड महत्त्वाचे वाटते. तिथे उलटा ‘आर’ आणि ‘पी’ यांची जोडमुद्रा मातीत दाबलेली असते, तिच्याभोवती 1887 पासून दरवर्षी एक याप्रमाणे वाढत 1900 मध्ये 14 झालेल्या ज्वाळा असतात, आणि शेजारी चित्रकाराची आद्याक्षरे. शिरायामादानींची सही तर जपानी लिपीत आहे. पॅरिसला गेलेल्या मालाबरोबर कारखान्याची कीर्ती गेली, तशी ही नावेही गेली.

अर्थात चाकावर घाट देणाऱ्यांना आणि भट्टी सांभाळणाऱ्यांना सहीचा हा मान नव्हता, आणि कीर्तीमुळे कारखाना तरलाही नाही. 1941 मध्ये त्याचे दिवाळे निघाले. तरीही एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत तिथले इंग्रज शिक्षक जॉर्ज टेरी यांच्या पुढाकाराने घडलेली, परदेशी प्रदर्शनांत वाखाणली गेलेली भांडी आठवली की फरक लख्ख दिसतो: टेरींचे नाव राहिले, बहुतेक भारतीय हात निनावी राहिले.

भौगोलिक मानांकन जिल्ह्याचे नाव राखते, माणसाचे नाही. पिढ्यान्‌पिढ्या चपला शिवण्याचे काम करणाऱ्या चर्मकार समाजाच्या वाट्याला गावकुसाबाहेरचे जिणे आले, म्हणून त्यांच्या बाबतीत नावाचा प्रश्न मला अधिकच गंभीर वाटतो. एका जोडामागे अनेक हात असतात, हा आक्षेप खरा आहे. तळ एक जण कापतो, वेणी बहुधा घरातली बाई घालते. मग दोघांचीही नावे तळाच्या आतल्या बाजूला उमटवावीत, आणि परदेशी कंपनीशी करार करताना पहिली अट हीच घालावी.