रंग पाहून पार्टनर करतात? मग ते पार्टनर आहेत कुठे?

अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून सुरू झालेला एक मजकूर आता पुण्या-मुंबईपर्यंत पोचलाय. त्याचं म्हणणं असं: तिथल्या बड्या लॉ फर्म्स कृष्णवर्णीय वकिलांना रंग पाहून घेतात, त्यासाठी गोऱ्यांना डावलतात, तरी हे लोक टिकत नाहीत, कारण कुवत नाही, आणि आता कोर्टानंही हेच म्हटलंय. हा मजकूर शिकलेली माणसं डोळे झाकून पुढे पाठवतात, याचं मला फार वाईट वाटतं.

‘गोऱ्यांना डावलतात.’ फर्म्सच्या भरतीचे आकडे नाल्प ही संस्था दरवर्षी गोळा करते. 2023 मध्ये दर 100 पार्टनर्समागे, म्हणजे फर्मच्या भागीदार वकिलांमागे, सुमारे 88 गोरे होते. कृष्णवर्णीय पार्टनर अडीच टक्क्यांच्या आत, त्यातल्या स्त्रिया जेमतेम एक टक्का. देशाच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय साधारण 13 टक्के आहेत. खालच्या पायरीवर, म्हणजे पगारी वकिलांमध्ये (असोसिएट्समध्ये), 2009 साली त्यांचं प्रमाण 4.66 टक्के होतं. मंदीत ते घसरलं आणि तो आकडा पुन्हा ओलांडायला 2019 उजाडलं. झुकतं माप मिळालेल्यांना होतं तिथवर परत यायला दहा वर्षं लागत नाहीत.

‘कुवत नाही.’ इथे जरा थांबते, कारण सगळं विष याच वाक्यात आहे. 2014 मध्ये नेक्स्टिअन्स या सल्लागार संस्थेनं एक कायदेशीर टिपण तयार केलं आणि त्यात मुद्दाम 22 चुका पेरल्या. लिहिणारा थॉमस मेयर, तिसऱ्या वर्षाचा असोसिएट, एनवायूमधून, म्हणजे न्यूयॉर्क विद्यापीठातून, शिकलेला. हे नाव काल्पनिक. 53 पार्टनर्सनी ते तपासलं. काहींना सांगितलं होतं की मेयर गोरा आहे, काहींना की तो कृष्णवर्णीय आहे. कागद तोच, चुका त्याच. गोऱ्या मेयरला पाचपैकी सरासरी 4.1 गुण मिळाले, कृष्णवर्णीय मेयरला 3.2. शुद्धलेखनाच्या सात चुकांपैकी पहिल्याच्या सरासरी 2.9 सापडल्या, दुसऱ्याच्या 5.8. पहिल्याबद्दल शेरा: याच्यात क्षमता आहे. दुसऱ्याबद्दल: हा एनवायूत शिकला यावर विश्वास बसत नाही.

अभ्यास छोटा आहे, मान्य. पण पार्टनर होण्यासाठी कुठली परीक्षा नसते, हे लक्षात घ्या. सात-आठ वर्षं कोणता पार्टनर तुम्हाला चांगलं काम देतो, कोण अशिलासमोर नेऊन बसवतो, यावर सगळं ठरतं. पहिल्याच टिपणावर ‘कच्चा’ असा शिक्का बसला की पुढचं मोठं काम शेजारच्या केबिनमध्ये जातं. दोन वर्षांनी त्याच माणसाला म्हणायचं, तुझ्याकडे अनुभव नाही.

आणि नुसत्या कुवतीवर दार उघडत असतं, तर विल्यम कोलमन यांच्यासाठी केव्हाच उघडलं असतं. हार्वर्ड लॉमध्ये वर्गात पहिले, 1948 मध्ये सर्वोच्च न्यायालयातले पहिले कृष्णवर्णीय लॉ क्लार्क, म्हणजे न्यायमूर्तींचे कायदेविषयक सहायक. त्यांच्या गावात, फिलाडेल्फियात, एकही मोठी फर्म त्यांना घेईना. 1949 मध्ये न्यूयॉर्कच्या पॉल वाइसनं घेतलं, तेव्हा ते फिलाडेल्फियाहून रोज रेल्वेनं ये-जा करत. म्हणजे ही फर्म तेव्हा इतरांच्या पुढे होती. त्याच फर्मनं 2018 च्या डिसेंबरात नव्या 12 पार्टनर्सचे फोटो प्रसिद्ध केले. सगळे गोरे, एक सोडून सगळे पुरुष. त्यानंतर 170 कंपन्यांच्या मुख्य कायदा अधिकाऱ्यांनी जाहीर पत्र लिहून फर्म्सना सुनावलं. हे सगळे फर्म्सचे अशील.

‘कोर्टानंही हेच म्हटलंय.’ नाही. सर्वोच्च न्यायालयाचा जून 2023 चा निकाल हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांत वंश पाहून दिल्या जाणाऱ्या प्रवेशांबद्दल होता, नोकऱ्यांबद्दल नव्हे. नोकरीत वंश पाहून निवड करणं 1964 च्या नागरी हक्क कायद्यानं आधीपासूनच बेकायदा आहे. 2025 मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी काही फर्म्सवर निर्बंध घालणारे आदेश काढले, त्यात विविधतेच्या धोरणांवरही आरोप होते. पॉल वाइसनं चार कोटी डॉलरचं मोफत काम कबूल करून आपल्यावरचा आदेश मागे घ्यायला लावला. पर्किन्स कुई, जेनर अँड ब्लॉक, विल्मरहेल आणि सुसमन गॉडफ्री कोर्टात गेल्या. चारही प्रकरणांत फेडरल न्यायाधीशांनी आदेश घटनाबाह्य ठरवून रद्द केले.