'क्राय' : आधी ओरडणे, मग रडणे

नमस्कार. तुमच्या प्रतिक्रियेत दोन आक्षेप आहेत. इंग्रजीतला 'क्राय' सरळसरळ संस्कृत 'क्रंद्' किंवा 'क्रुश्' धातूवरून आलेला असताना माझ्या लेखात त्याचं मूळ सांगताना रोमन नागरिक कशाला आणले, हा पहिला. आजच्या बोलण्यात 'रडणे' हाच मुख्य अर्थ असताना 'ओरडणे' मूळ कसं मानलं, हा दुसरा. दोन्ही शंका अनेकांच्या मनात असतात, म्हणून सविस्तर लिहितो.

शब्दाचं कूळ शोधताना आजची दोन रूपं शेजारी ठेवून चालत नाही. सगळ्यात जास्त घोटाळे तिथेच होतात. आधी शब्दाचं सर्वांत जुनं लिखित रूप शोधायचं, मग तो त्या भाषेत कोणत्या वाटेने आला ते पाहायचं, आणि त्यानंतरच ध्वनी जुळतात का हे तपासायचं. 'क्राय' इंग्रजीत तेराव्या शतकाच्या सुरुवातीला दिसू लागतो. १०६६ मध्ये इंग्लंड जिंकणाऱ्या, फ्रान्समधून आलेल्या नॉर्मन राज्यकर्त्यांबरोबर जी फ्रेंच शब्दसंपत्ती इंग्लंडात शिरली, तिच्यातलाच हा एक. फ्रेंचमध्ये तो 'क्रिए', स्पॅनिश आणि पोर्तुगीजमध्ये 'ग्रितार', इटालियनमध्ये 'ग्रिदारे'. या सगळ्यांच्या मागे लॅटिन 'क्विरितारे' आहे. म्हणजे तुम्हाला जे 'क्र' संस्कृतसारखं वाटतं, ते मुळात नव्हतंच. लोकांच्या बोलीत शब्द झिजला, 'क' आणि 'र' यांच्या मधला भाग गळाला आणि जोडाक्षर तयार झालं.

समजा, 'क्राय' उसना नसून 'क्रंद्'चा सख्खा इंग्रजी भाऊ असता, तर काय झालं असतं? याकोब ग्रिम या जर्मन भाषापंडिताने १८२२ मध्ये जे ध्वनिनियम मांडले, त्यांनुसार मूळचा 'क' जर्मानिक भाषांत, म्हणजे इंग्रजी आणि जर्मन ज्या कुळातल्या आहेत त्यांत, 'ह' होतो. संस्कृत 'क्रविस्' म्हणजे कच्चं मांस. त्याचा इंग्रजी भाऊ 'रॉ', जुन्या इंग्रजीत 'ह्रेआव'. 'क्र'चा 'ह्र' झाला, पुढे 'ह'ही गेला. तेव्हा 'क्रंद्'च्या इंग्रजी भावाची सुरुवात आज 'र'ने झाली असती. रूपं इतकी हुबेहूब जुळतात, हाच इथे नात्याविरुद्धचा पुरावा आहे.

रोमन नागरिकांबद्दल. 'क्विरितेस' म्हणजे रोमचे नागरिक, आणि 'क्विरितारे' म्हणजे त्यांना मदतीसाठी हाक मारणे, हे स्पष्टीकरण इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातल्या व्हॅरो या रोमन पंडिताचं आहे. ते निर्विवाद नाही. डुकराच्या चीत्काराला लॅटिनमध्ये जवळजवळ असाच शब्द आहे, त्यामुळे हा नुसता ध्वन्यनुकारी, म्हणजे आवाजाची नक्कल करणारा, धातू असावा असंही काही अभ्यासक मानतात. मात्र दोन्हींपैकी काहीही खरं धरलं, तरी अर्थ आवाजाचाच निघतो. अश्रूंचा त्यात मागमूस नाही.

इथून तुमच्या दुसऱ्या मुद्द्याकडे येतो. इंग्रजीत हा शब्द आला तो याचना करणे, हाका मारणे, जाहीर पुकारणे या अर्थांनी. रडण्याचा अर्थ तेराव्या शतकातच हळूहळू चिकटला आणि सोळाव्या शतकापर्यंत त्याने रडण्यासाठीच्या जुन्या 'वीप' या शब्दाला रोजच्या बोलण्यातून बऱ्यापैकी मागे सारलं. लिखाणात मात्र जुनी वाटणी टिकली. १६११ च्या इंग्रजी बायबलात योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय पाहा. पस्तिसाव्या ओवीत येशू रडतो, तिथे 'वीप'चं रूप आहे. त्रेचाळिसाव्या ओवीत तो लाजरला मोठ्याने हाक मारतो, तिथे 'क्राय'चं. एकाच अध्यायात, आठ ओव्यांच्या अंतराने.

हाकेचा अर्थ कायद्यात आणि बाजारात तर घट्ट रुजलेला होता. इंग्लंडच्या १२८५ च्या विंचेस्टर कायद्यानुसार चोर दिसला की 'ह्यू अँड क्राय' करायचा, म्हणजे आरडाओरडा करून सगळ्यांनी त्याचा पाठलाग करायचा. गुन्हेगार सापडला नाही तर भरपाई त्या परिसराच्या माथी. गावात दवंडी देणारा तो 'टाउन क्रायर'. 'डिक्राय' म्हणजे आज निंदा करणे, पण त्यामागच्या फ्रेंच शब्दाचा एक अर्थ होता एखादं नाणं चलनातून बाद झाल्याचं जाहीर करणे. मुंबईच्या शेअर बाजारात १९९५ मध्ये संगणक येईपर्यंत रिंगणात उभं राहून ओरडून जे सौदे होत, त्या पद्धतीचं नावही 'ओपन आउटक्राय'च.

आता ओरडण्यातून रडणं कसं निघेल, हे तुम्हाला ओढूनताणून वाटतं. पण आपल्या 'रडणे'चं काय? ते संस्कृत 'रुद्'वरून आलेलं नाही. हिंदी 'रोना' तिथून आला. आपलं 'रडणे' आलं 'रट्'वरून, प्राकृत 'रडइ'मार्गे, आणि 'रट्' म्हणजे किंचाळणे, ओरडणे. 'ओरडणे' आणि 'आरडाओरडा' यांत तो जुना अर्थ अजून धडधडीत ऐकू येतो. लॅटिन 'प्लोरारे'चंही तसंच: आधी मदतीसाठी ओरडणे, पुढे रडणे. त्यातूनच फ्रेंच 'प्लरे' आणि स्पॅनिश 'योरार' हे रडण्याचे शब्द आले, तर इंग्रजी 'इम्प्लोर'मध्ये, म्हणजे काकुळतीने विनवण्यात, जुनी हाक राहिली. खुद्द 'वीप'चा गॉथिक या लुप्त जर्मानिक भाषेतला भाऊही ओरडण्याच्याच अर्थाचा आहे. मला या सगळ्या प्रकरणात हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो, कारण इतक्या वेगवेगळ्या धातूंनी एकच वाट धरली आहे.

'क्रुश्' तुम्ही आणलात ते एका अर्थी बरं झालं. नातं नसलं तरी समांतर वाट आहे. 'क्रोश' म्हणजे हाक, आणि हाक ऐकू जाईल तेवढं अंतरही; त्याचाच आपला 'कोस' झाला. इंग्रजीतही लांबच्या अंतराला 'फार क्राय' म्हणतात.

भाषांतर करणाऱ्यांसाठी एक सूचना, कारण ही चूक छापील पुस्तकांतही सापडते. जुन्या इंग्रजी कादंबरीत संवादाला जोडून 'ही क्राइड' आलं, तर तो बहुतेक वेळा 'रडत म्हणाला' नसतो. 'उद्गारला' किंवा 'ओरडला' असतो. पुढे 'आउट' असेल तर आवाजच. 'ओव्हर' असेल तर बहुधा रडणं. 'ऑफ' असेल तर ठरलेल्या गोष्टीतून अंग काढून घेणं, तिथे रडण्या-ओरडण्याचा संबंधच नाही. यांपैकी काहीच नसेल, तर आसपास अश्रू, डोळे, रुमाल आहेत का ते पाहावं. नसतील तर 'ओरडला' धरून वाक्य पुन्हा वाचावं.