पाउंड आहेत हो, पण चालत नाहीत

लंडन, शनिवार दुपार, पोटात कावळे. सँडविच काउंटरवर ठेवलं, वीसची नोट पुढे केली, तर कॅशिअर पोरीने ती मेलेली पाल उचलावी तशी दोन बोटांत धरली. "कागदी आहे, घेत नाही." मावशीच्या जुन्या ट्रिपमधली उरलेली नोट, निघताना तिने प्रेमाने हातात कोंबलेली, जांभळी, वर अ‍ॅडम स्मिथ. अर्थशास्त्राचा बाप म्हणे, आणि त्याला एक सँडविच येईना! कागदी वीस आणि पन्नास 30 सप्टेंबर 2022 नंतर बाद, आता प्लॅस्टिकच्या विसावरच्या चित्रकार टर्नरसाहेबांचं राज्य.

मागे उभ्या आजोबांना मात्र उकळ्याच फुटल्या. आधी माझ्या तळहातावरच्या चिल्लरीतला गोल पाउंड चिमटीत उचलून, "हा पण गेला, ऑक्टोबर 2017, आता बारा बाजूंचाच," असं सांगितलं (विचारलं होतं कुणी?) आणि मग थेट 1971 च्या आधी शिरले, पाउंडाचे सरळ 100 पेन्स झाले त्याच्याही आधी. 12 पेन्सचा शिलिंग, 20 शिलिंगांचा पाउंड, म्हणजे पाउंडात 240 पेन्स, कळलं? मी मान हलवली, तीच नडली. मग हाफ क्राउन म्हणजे अडीच शिलिंग, गिनी म्हणजे 21 शिलिंग, बरं गिनीचं नाणं कधीच बंद झालेलं पण घोड्यांचे लिलाव अजून गिनीतच! आणि दशमान आल्यावरही सहा पेन्सचं जुनं नाणं 1980 पर्यंत चालत होतं, अडीच नव्या पेन्सला. अडीच! रांग दारापर्यंत गेलेली, लोक मलाच खुन्नस देतायत, आणि आजोबा डोळे मिटून फ्लोरिन नावाच्या आणखी एका जुन्या नाण्यावर.

शेवटी हळूच म्हणाले, "बँक ऑफ इंग्लंड जुन्या नोटेचे पूर्ण पैसे देते, कधीही. पण मी आत्ता पंधरा देतो."

एवढी शिकवणी त्यासाठी होती तर! दिली नाही मी. कार्ड टेकवलं, त्यावर फॉरेक्स मार्कअप (परकी चलनात खर्च केल्याचा जादा आकार) भरला, सँडविच थंडगार.

बँक पैसे देते हे खरंच आहे, थ्रेडनीडल स्ट्रीटला काउंटर आहे, ओळखपत्र घेऊन जायचं. पण शनिवार-रविवार बंद, आणि माझं विमान रविवारी. पोस्टाने पाठवता येते म्हणतात, म्हणजे वीस पाउंडांसाठी आता फॉर्म भरा, रजिस्टर करा, वाट बघा. नोटेवर मोठ्या दिमाखात छापलंय, मागताक्षणी पैसे देऊ. मग तिथेच खाली 'सोमवार ते शुक्रवार' पण छापा ना.