पंधरा तास वर्गात, बाकीचा आठवडा घरात

महाराष्ट्रात भाषेवरून जेवढं रण माजतं, ते सगळं शाळेभोवती फिरतं. पहिलीपासून हिंदीचा निर्णय झाला, गदारोळ उठला आणि 29 जून 2025 ला सरकारने दोन्ही शासन निर्णय मागे घेतले. मराठी माध्यम की इंग्रजी माध्यम हा वाद तर त्याहून जुना. पोटाला चिमटा काढून इंग्रजी शाळेची फी भरणारे आईवडील गावोगाव आहेत. या सगळ्यात एक गोष्ट धरूनच चालतात, की भाषा वर्गात येते. डब्लिनला इंग्रजी शिकायला आलेल्या मुलांकडे पाहिलं की हा समज किती कच्चा आहे ते कळतं.

साधा हिशेब करा. युरोपबाहेरच्या विद्यार्थ्याला आयर्लंडमध्ये इंग्रजीच्या कोर्ससाठी स्टॅम्प 2, म्हणजे विद्यार्थ्याचा राहण्याचा परवाना, मिळतो. कोर्स 25 आठवड्यांचा, आठवड्याला किमान 15 तास शिकवणी, राहण्याची परवानगी आठ महिन्यांची, हजेरी 85 टक्के हवी. आठवड्याचे तास 168. त्यातून झोपेचे 56 वजा केले, वर्गाचे 15 वजा केले, कोर्स चालू असताना ज्या 20 तास कामाची मुभा आहे तेही वजा केले, तरी 77 तास उरतात. ते कुठल्या भाषेत जाणार, हे घरावर ठरतं. म्हणून शाळेची माहितीपत्रकं चाळण्यात जेवढा वेळ घालवता, त्याच्या दुप्पट वेळ घर शोधण्याला द्या, असं माझं ठाम मत आहे.

घरच्यांचा सल्ला ठरलेला असतो: "आपल्याकडच्या मुलांबरोबर राहा, जेवणाचे हाल होणार नाहीत." तो मायेपोटीच दिलेला असतो आणि त्यात तथ्यही आहे. डब्लिनच्या लुकन, ब्लँचर्ड्सटाउन या भागांत भारतीय वस्ती मोठी आहे. भाडं वाटलं जातं, वरणभात मिळतो, आजारपणात कोणीतरी पेज करून देतं. एमएससाठी किंवा नोकरीवर आलेल्यांसाठी ही सोय उत्तम. पण केवळ इंग्रजीसाठी पैसे मोजून आलेल्याचे ते 77 तास तिथे मराठी-हिंदीत जातात, आणि आठ महिन्यांनी तो वर्गातलंच इंग्रजी घेऊन परततो.

पहिले चार आठवडे शाळेमार्फत होस्ट फॅमिलीकडे, म्हणजे पैसे घेऊन विद्यार्थ्याला घरात ठेवणाऱ्या स्थानिक कुटुंबाकडे, राहावं. सहसा सकाळचा नाश्ता आणि संध्याकाळचं जेवण त्यात धरलेलं असतं. जेवण बरेचदा सहाच्या सुमारास असतं. नऊला परतलात तर ताट झाकून ठेवलेलं मिळेल, पण टेबलावरच्या गप्पा बुडाल्या, आणि पैसे खरं तर त्याच गप्पांचे दिलेले असतात. फॉर्मवर नुसतं 'शाकाहारी' लिहून भागत नाही. अंडं चालतं का, मासे चालतात का, चिकनचा स्टॉक घातलेलं सूप चालतं का, हे एकेक करून लिहा, कारण तिकडे भाज्यांच्या सूपमध्येही चिकनचा स्टॉक असू शकतो. शाळेला आधीच दोन प्रश्न विचारा: त्या घरात आणखी किती विद्यार्थी आहेत आणि त्यांच्या भाषा कोणत्या? चार-पाच मुलं ठेवून त्यांना वेगळं वाढणारं घर म्हणजे खाणावळच.

अशा घरात काय शिकायला मिळतं? गरम पाण्याच्या टाकीभोवतीच्या कपाटात धुतलेले टॉवेल, चादरी ठेवतात. आयर्लंडमध्ये त्याला 'हॉट प्रेस' म्हणतात, आणि 'प्रेस' म्हणजे कुठलंही कपाट. पाणी तापवायच्या 'इमर्शन'ला बऱ्याच घरांत दोन बटणं असतात. एक 'सिंक' आणि 'बाथ' यांत निवडायचं, दुसरं चालू-बंद करायचं. 'बाथ'वर रात्रभर चालू राहिलं की बिल फुगतं आणि घरमालकीण दुसऱ्या दिवशी नक्की बोलते. कोणी 'आय अॅम आफ्टर ईटिंग' म्हणालं, तर त्याला जेवायचं नसतं, तो नुकताच जेवलेला असतो. क्रमिक पुस्तकात हे नसतं.

नंतर बरेचजण 'डिग्ज'कडे वळतात, म्हणजे घरमालकाच्याच घरातली एक खोली. काही डिग्ज फक्त सोमवार ते शुक्रवार असतात, शनिवार-रविवारी खोली रिकामी करावी लागते. ते नीट विचारून घ्या. मोठी मेख कायद्यात आहे. मालक त्याच घरात राहत असेल तर तुम्ही भाडेकरू ठरत नाही, 'लायसन्सी' ठरता. स्वतंत्र भाड्याच्या घरात डिपॉझिट एका महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही आणि तक्रार भाडेविषयक मंडळाकडे, म्हणजे आरटीबीकडे, नेता येते. डिग्जला यातलं काहीच लागू नाही. डिपॉझिट अडकलं तर स्मॉल क्लेम्सची, म्हणजे छोट्या रकमांच्या दाव्यांसाठीच्या सोप्या कोर्ट प्रक्रियेची, वाट उरते: 2,000 युरोपर्यंतचे दावे, फी 25 युरो. म्हणून डिपॉझिट किती, ते कधी परत, सोडण्याआधी किती दिवस सांगायचं, स्वयंपाकघर वापरता येईल का, हे एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या.

पत्त्याचा पुरावा हाही आधी मिटवायचा विषय. कामासाठी पीपीएस नंबर, म्हणजे कर आणि सरकारी सेवांसाठीचा ओळख क्रमांक, लागतो आणि तो काढताना पत्ता दाखवावा लागतो. काही मालक कराच्या धास्तीने पत्र द्यायला कचरतात. खोली भाड्याने देण्यावरची करसवलत वर्षाला 14,000 युरोपर्यंत आहे, म्हणजे महिन्याला साधारण 1,166. जेवणाचे पैसेही त्या रकमेत मोजले जातात. एवढ्यापर्यंतच्या मिळकतीवर त्याला आयकर भरावा लागत नाही, फक्त विवरणपत्रात ती दाखवावी लागते. हे शांतपणे सांगितलं की गाडी पुढे सरकू शकते.

चौघापाचजणांचं सामायिक घर हवं असेल तर भाषांची सरमिसळ बघा. डब्लिनच्या इंग्रजी शाळांत ब्राझिलियन विद्यार्थी खूप असतात. घरात चार ब्राझिलियन आणि एक तुम्ही असाल, तर टेबलावर पोर्तुगीजच चालणार. दोन ब्राझिलियन, एक मेक्सिकन, एखादा आयरिश कामकरी आणि तुम्ही, असं घर मिळालं तर इंग्रजीला पर्याय उरत नाही. मोडकंतोडकं का होईना, सगळे तेच बोलतात. फोडणी देताना स्वयंपाकघराचं दार लावून घ्या आणि शेगडीवरचा धूर ओढणारा पंखा आधी चालू करा. जिरं-मोहरी तडतडली की धुराचा अलार्म वाजतो, आणि तो रात्री दहाला वाजला की शेजाऱ्यांशी संबंध बिघडतात.

घर न बघता पैसे पाठवू नका. "मी परदेशात आहे, डिपॉझिट भरा, किल्ली पोस्टाने येईल" असं कोणी म्हणालं की तिथेच थांबा. प्रत्येक पत्त्याला सात अक्षर-अंकांचा स्वतंत्र एअरकोड, म्हणजे तिकडचा पिनकोड, असतो. तो मागा, नकाशावर टाका, फोटोतली इमारत तीच आहे का ते ताडून पाहा. खोलीत कपाटामागे आणि खिडकीच्या कडेला बुरशीचे काळे ठिपके आहेत का ते बघा. ओले कपडे आत वाळवणाऱ्या, खिडक्या न उघडणाऱ्या घरात हिवाळ्यात ते वाढतातच.

आणि खोली पाच मिनिटं बघितलीत तर स्वयंपाकघरात दहा मिनिटं थांबा. शक्यतो संध्याकाळी जा, सगळे घरी असतात. कोण कोणाशी कुठल्या भाषेत बोलतंय ते ऐका, आणि फ्रिजवर कचरा टाकायच्या पाळ्यांचा कागद असेल, तर तो कुठल्या भाषेत लिहिलाय तेही वाचा.