'रीस्कॅन केलं, काहीच झालं नाही' : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

प्रतिक्रिया मोठी आहे म्हणून उत्तर पण मोठंच देतोय. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. एक्सप्रेसकार्ड (जुन्या लॅपटॉपच्या बाजूच्या स्लॉटमध्ये घालायचं कार्ड) यावरच्या लेखात मी लिहिलं होतं की चालू लॅपटॉपमध्ये कार्ड घातलं आणि लिनक्सला दिसलं नाही तर पीसीआय रीस्कॅन करा, म्हणजे लिनक्सला कार्डं पुन्हा शोधायला लावा, एका ओळीचं काम आहे. प्रतिक्रिया देणाऱ्यांनी केलं, 'काहीच झालं नाही', मग वैतागून कार्ड ओढून काढलं तर लॅपटॉप ठार हँग, अख्खा रविवार गेला. वर 'विंडोजमध्ये हेच कार्ड मुकाट चालतं, तुम्ही लिनक्सवाले सगळं युजरच्या माथी मारता' असा आहेर पण आहे.

आहेर ठेवून घेतो, कारण दोन चुका माझ्याच आहेत. माझ्याकडे होतं यूएसबी ३ चं साधं कार्ड आणि शीर्षकात मात्र मी 'कुठलंही कार्ड' असं ठोकून दिलं. तुमच्याकडे आहे त्याच स्लॉटमधून वायर बाहेर काढून लावलेलं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे प्रकरणच वेगळं. आणि दुसरी चूक, कार्ड काढायचं कसं हे लिहायचंच राहून गेलं.

पण 'काहीच झालं नाही' हे मान्य नाही. तुम्हीच खाली डीमेसेजच्या (कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, लिहितो त्या नोंदींच्या) चार ओळी चिकटवल्यात ना, त्यातली तिसरी बघा. बार 1 (बार म्हणजे कार्ड मागतं त्या जागेचा एक तुकडा), 'नो स्पेस फॉर', साइझ 0एक्स10000000. हेक्समध्ये एकावर सात शून्यं म्हणजे 256 एमबी. याचा अर्थ कार्ड दिसलं, लिंक जुळली, कर्नलने विचारलं तू कोण आणि तुला किती जागा लागते, कार्डाने सांगितलं, आणि तिथे गाडी अडली. रीस्कॅनने त्याचं काम केलं होतं हो, पुढचं काम रीस्कॅनच्या हातातलं नाही.

ही जागा म्हणजे रॅम नाही, प्रोसेसरला कार्डाशी बोलायला लागणारे पत्ते. हॉटप्लगचा (चालू मशीनला कार्ड लावता येईल असा) रिकामा पोर्ट दिसला की लिनक्स बूट होतानाच त्याच्यासाठी थोडी जागा धरून ठेवतं, एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतात तसं. वेगळं काही सांगितलं नाही तर हा रुमाल 2 एमबीचा. यूएसबीच्या कार्डाला काही केबी पुरतात, ते आरामात बसतं. तुमचं ग्राफिक्स कार्ड म्हणजे अख्खं वऱ्हाड, ते एका रुमालावर कुठून बसणार. लॅपटॉप सुरू करतानाच कार्ड लावलेलं असेल तर बायॉस (मशीन सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा प्रोग्राम) आधीच मोजून जागा देतं (देतंच असं नाही, पण बहुतेक वेळा), आणि मला दाट शंका आहे की विंडोजमध्ये तुम्ही तसंच केलं असणार. तिथेही चालू मशीनला लावून बघा, याच दुखण्याला डिव्हाइस मॅनेजरमध्ये कोड 12 म्हणतात, बाहेरून ग्राफिक्स कार्ड लावणाऱ्यांना तो पाठ असतो.

आता उपाय. या वेळी कमांड कॉपी करायला देत नाहीये, मागच्या वेळी तिथेच घोळ झाला, शब्दात सांगतो, टाइप तुम्ही करा. ग्रबच्या (बूट होताना येणाऱ्या) मेन्यूत ई दाबून कर्नलच्या ओळीच्या शेवटी पीसीआयच्या पर्यायात दोन गोष्टी द्यायच्या. एक रीअलॉक, म्हणजे बायॉसने केलेली वाटणी मोडून लिनक्स परत वाटणी करेल. दुसरा एचपीमेमसाइझ, म्हणजे रुमाल केवढा. 256 मागू नका, ग्राफिक्स कार्डाला एकच बार नसतो, 16 आणि 32 एमबीचे आणखी असू शकतात, 320 मागा. नवीन कर्नल असेल तर त्याऐवजी दोन वेगळे पर्याय मिळतात, एचपीएमएमआयओसाइझला 32 आणि एचपीएमएमआयओप्रेफसाइझला 320 पुरेल, ही जागा दोन प्रकारची असते, उगाच दोन्हीकडे मोठी अडत नाही. ई दाबून केलेला बदल एका बूटपुरताच असतो, त्यामुळे बिघडलं तर नुसतं रीस्टार्ट. चाललं तरच कायमचं लिहा. आणि चालेलच असं नाही, जुन्या मशीनवर 4 जीबीच्या खालच्या पत्त्यांसाठी आधीच मारामारी असते, हॉटप्लग पोर्ट दोन-तीन असले तर प्रत्येकाला एवढी जागा मागितली जाते.

हँगचं सांगतो. कार्ड ओढून काढलं की त्याच्या रजिस्टरमधून (कार्ड आपली स्थिती ठेवतं त्या जागेतून) जे वाचाल ते सगळे बिट 1 येतात, आठ एफ. ड्रायव्हर नीट लिहिलेला असेल तर त्याला कळतं की कार्ड गेलं, नसेल तर तो 'अजून बिझी आहे' समजून वाट बघत बसतो आणि त्याच्यासोबत मशीन पण बसतं. मी स्वतः कॉपी चालू असताना यूएसबीचं कार्ड उपटलंय, डिस्कची फाइल सिस्टिम दुरुस्त करत रात्र गेली, तरी लेखात लिहिलं नाही म्हणजे बघा. पद्धत अशी: डिस्क असेल तर अनमाउंट, मग सिसएफएसमध्ये (लिनक्स डिव्हाइसची माहिती फाइलींसारखी दाखवतं तिथे) त्या डिव्हाइसच्या फोल्डरमधल्या रिमूव्ह फाइलमध्ये रूट (अॅडमिन) होऊन 1 लिहायचा, एलएसपीसीआयमधून (पीसीआय डिव्हाइसची यादी देणारी कमांड) ते नाव गेलं की मग कार्ड काढायचं. ग्राफिक्स कार्डावर डेस्कटॉप चालू असेल तर हे पण करू नका, सरळ शटडाऊन करा. मी तरी तेच करीन, स्लॉटमध्ये पीसीआय एक्सप्रेसची एकच लेन (डेटा जायची एकच वाट), जुन्या लॅपटॉपवर सेकंदाला 250 एमबी, त्यासाठी हॉटप्लगची हौस कशाला.

आणि ज्यांच्या डीमेसेजमध्ये कार्ड घातल्यावर एकही ओळ येत नाही त्यांची गोष्ट वेगळी. आधी एलएसयूएसबी (यूएसबी डिव्हाइसची यादी देणारी कमांड) बघा, एक्सप्रेसकार्डच्या 26 पिनांतून पीसीआय एक्सप्रेस आणि यूएसबी २ दोन्ही येतात, बरीच मोडेम कार्डं आतून यूएसबीच असतात, ती पीसीआयमध्ये जन्मात दिसणार नाहीत. तिथेही नसेल तर कार्ड घालूनच बूट करा. तसं चाललं तर एक तर बायॉसने हॉटप्लगचा ताबा स्वतःकडे ठेवलाय (पीसीआयई पोर्ट्स नेटिव्ह हा पर्याय देऊन बघा) नाहीतर रिकामा पोर्ट बघून तो बंदच करून टाकलाय. तसंही नाही चाललं तर कार्ड हलवून बघा, 54 मिलिमीटरच्या स्लॉटमध्ये 34 चं कार्ड डुगडुगतं.

शीर्षकातलं 'कुठलंही' काढलंय. 320 टाकून बूट केल्यावर पुन्हा 'नो स्पेस' आलं तर या वेळी चार नको, पूर्ण डीमेसेज पाठवा.