देवाचं नाव शपथेत असू द्या, नोटेवर नको

आधीच सांगते, मी देव मानणारी बाई आहे. घरात रोज पूजा होते, चतुर्थीला इंदूरच्या खजराणा गणपतीची रांग चुकत नाही. तरीही कॉलनीच्या ग्रुपवर ‘नोटांवर आणि संविधानाच्या सुरुवातीला देवाचं नाव हवं का?’ अशी मतचाचणी आली तेव्हा मी ‘नको’वर बोट ठेवलं. मावशीचा लगेच फोन. “तू? तूच नको म्हणतेस?” हो मावशी, मीच. फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

हा प्रश्न नवा नाही. १७ ऑक्टोबर १९४९ला संविधान सभेत तो रीतसर मताला टाकला गेला होता. हरि विष्णू कामत, जे पुढे आपल्या होशंगाबादमधून लोकसभेवर गेले, त्यांनी सुचवलं की उद्देशिकेची, म्हणजे संविधानाच्या प्रास्ताविकाची, सुरुवात ‘ईश्वराच्या नावे’ अशी करावी. पूर्णिमा बॅनर्जींनी त्यांना विनवलं की देवावर मत देण्याचा प्रसंग आमच्यावर आणू नका. हृदयनाथ कुंझरूंचं म्हणणं होतं की ज्या उद्देशिकेत श्रद्धेचं आणि उपासनेचं स्वातंत्र्य देतोय, तिच्याशीच हे विसंगत आहे. कामत हटले नाहीत. बाजूने ४१, विरुद्ध ६८. हा आपल्या इतिहासातला काळा दिवस आहे, असं ते तिथेच म्हणाले. त्यांची तळमळ खरी होती आणि मला त्यांच्याबद्दल आदरच आहे. पण पटतं ते पूर्णिमाबाईंचं. देव सत्तावीस मतांनी हरला, असं म्हणायची पाळी यावी हे कुठल्या भक्ताला रुचेल? आणि सत्तावीस मतांनी जिंकला असता, तरी मला ते रुचलं नसतं.

ग्रुपवर अमेरिकेचा दाखला सारखा येतो. तिथल्या नाण्यावर ‘इन गॉड वुई ट्रस्ट’ पहिल्यांदा १८६४मध्ये आलं, १९५६मध्ये ते देशाचं अधिकृत ब्रीद झालं, आणि २००३च्या गॅलप चाचणीत ९० टक्के लोकांनी नाण्यावरच्या त्या शब्दांना पसंती दिली. सगळं खरं. पण १९०७मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या काळात सोन्याची नवी नाणी त्या ब्रीदाशिवाय निघाली, आणि त्यांनी त्याचं कारण दिलं ते श्रद्धेचंच: इतकं पवित्र वाक्य पैशावर छापलं की त्याचं पावित्र्य राहत नाही. लोक चिडले, १९०८मध्ये कायदा करून ते परत आणलं गेलं. बहुमत तेव्हाही एका बाजूला होतं. मला मात्र रूझवेल्ट जास्त धार्मिक वाटतात.

२०२२मध्ये अरविंद केजरीवालांनी नोटांवर लक्ष्मी-गणपती छापा म्हटलं, इंडोनेशियाच्या नोटेवरचा गणपती दाखवला, तेव्हाही माझ्या मनात हेच आलं. देवाचं चित्र असलेलं जुनं कॅलेंडर आपण रद्दीत देत नाही. लग्नपत्रिकेवरचा गणपतीसुद्धा कात्रीने कापून बाजूला ठेवणारी माझी सासू होती. नोट तर लाचेच्या पाकिटात जाते, दारूच्या दुकानात जाते, थुंकी लावून मोजली जाते. तिथे गणपती बसवायचा?

मावशीचा खरा मुद्दा मात्र वेगळा होता, आणि इंदूरच्या मराठी माणसाला तो टाळता येत नाही. “होळकरांचं राज्यच श्रीशंकराचं होतं. अहिल्याबाईंच्या हुकमावर त्यांचं नाव नसे, शंकराचं असे. मग आताच का नको?” ओळखीच्या एका काकांना नाणी जमवण्याचा नाद आहे. त्यांनी एकदा मल्हारनगर टांकसाळीचा चांदीचा रुपया माझ्या तळहातावर ठेवला होता. झिजलेला, तरी जड. बारीकसं शिवलिंग, जवळ बेलाचं पान, आणि अक्षरं सगळी फारसी. रुपया होळकरांचा, त्यावर नाव दिल्लीच्या शाह आलम बादशहाचं, खूण शंकराची. मी तो बराच वेळ उलटसुलट करून बघत बसले होते.

पण मावशी, शंकराच्या नावाने तिथे कुणाचे हात बांधले जात होते ते बघ ना. राज्य शंकराचं म्हणजे माझं नाही, खजिना माझा नाही, मी सांभाळणारी आहे, हिशेब मला द्यायचाय. ते नाव हुकूम सोडणाऱ्याच्या डोक्यावर होतं, अर्ज घेऊन दारात उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावर नव्हतं. राज्य करणाऱ्याने स्वतःहून देवाला वर बसवलं तर त्याच्या मनमानीला चाप बसतो. तेच नाव राष्ट्राच्या चिन्हावर घातलं की ते प्रत्येकाच्या तोंडी जातं, मग त्याला ते घ्यायचं असो वा नसो.

आणि आता राज्याचे मालक ‘आम्ही, भारताचे लोक’ आहोत. या ‘आम्ही’त आमच्या समोरचं जैन कुटुंब आहे. सृष्टी घडवणारा ईश्वर जैन दर्शनात नाहीच, पण काच मंदिरात त्या काकूंना हात जोडून उभं राहिलेलं बघा, भक्ती म्हणजे काय ते कळेल. महूहून रोज येणारी माझी सहकारी बौद्ध आहे, बाबासाहेबांच्या जन्मगावची. तिला ‘ईश्वराच्या नावे’ म्हणायला लावून माझा कुठला देव प्रसन्न होणार आहे? केरळात १९८५मध्ये तीन भावंडांना शाळेतून काढलं होतं. ती राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, पण त्यांच्या पंथात बसत नाही म्हणून गात नसत. १९८६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत शाळेत घ्यायला लावलं. चिन्हांवरून ताणाताणी झाली की भार शेवटी अशा पोरांवर पडतो.

कुणी म्हणेल, मग संविधानाच्या मूळ प्रतीत राम-सीता-लक्ष्मण कसे? आहेत ना, मूलभूत हक्कांच्या भागावरच आहेत. पुढे कृष्णार्जुन आहेत, बुद्ध, महावीर, अकबर, गुरू गोविंदसिंग आहेत. नंदलाल बोसांच्या चमूने ती पानं सजवली, आणि त्या चमूतले दीनानाथ भार्गव, राष्ट्राच्या सिंहमुद्रेवर काम केलेले, पुढे आपल्या इंदूरचे होऊन राहिले. २०१६मध्ये ते इथेच वारले. शहराने त्यांची आठवण अजून नीट ठेवायला हवी, हे जाता जाता. ती चित्रं मला फार प्रिय आहेत. या भूमीची गोष्ट ती सांगतात आणि बघणाऱ्याकडून काहीही वदवून घेत नाहीत. मुद्रेखालचं ‘सत्यमेव जयते’ मुंडक उपनिषदातलं, पण ते म्हणताना माझ्या बौद्ध मैत्रिणीची जीभ अडखळत नाही.

लोकांना काय हवंय याबद्दल बोलायचं तर प्यू या अमेरिकी संशोधन संस्थेची पाहणी आहे. २०१९-२०मध्ये त्यांनी सुमारे ३० हजार भारतीयांना विचारलं. ९७ टक्के देव मानतात. ग्रुपवर हाच आकडा फिरतोय. त्याच पाहणीत ८४ टक्के लोक म्हणाले की खरा भारतीय असण्यासाठी सगळ्या धर्मांचा आदर करणं फार महत्त्वाचं आहे. तो आकडाही फिरवा.

देवाचं नाव आपल्या संविधानात नाही असंही नाही. तिसऱ्या अनुसूचीत आहे, शपथेत. मंत्री, आमदार, खासदार, न्यायाधीश यांना तिथे दोन वाटा आहेत: ‘ईश्वर की शपथ लेता हूँ’ किंवा ‘सत्यनिष्ठा से प्रतिज्ञान करता हूँ’. ज्याच्या हाती अधिकार जाणार त्याने ते नाव घ्यायचं, तेही स्वतः निवडून. अहिल्याबाईंची रीत मला इथे दिसते. म्हणून माझी विनंती एवढीच की नोटा आणि मुद्रा राहू द्यात. आपला आमदार पुढच्या वेळी ईश्वराची शपथ घेईल तेव्हा टीव्हीचा आवाज वाढवा, शब्द नीट ऐका, आणि वॉर्डात पाणी आलं नाही किंवा रस्ता खचला की त्याच्या दारात जाऊन त्याला त्याच शपथेची आठवण करून द्या. मी येईन बरोबर, मावशीलाही घेऊन येईन.