‘बीएडवाले ढिगाने पडलेत’ : विशेष शिक्षकांवरच्या एका मेसेजला उत्तर

सांगली जिल्ह्यातल्या शाळांच्या, पालकांच्या आणि गावोगावच्या ग्रुपवर सध्या विशेष शिक्षकांबद्दल, म्हणजे दिव्यांग मुलांना शिकवणाऱ्या शिक्षकांबद्दल, एक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा : ‘विशेष शिक्षक मिळत नाहीत ही ओरड खोटी आहे. डीएड-बीएड झालेली पोरं ढिगाने बेकार पडलीत. त्यांना आठवडाभराचं ट्रेनिंग द्या आणि नेमा. नाहीतरी एका शाळेत अशी दोन-तीनच मुलं असतात, त्यांच्यासाठी वेगळा पगार कशाला? अगदीच हवे असतील तर कॉलेजं वाढवा. तोवर विशेष शाळा आहेतच.’

बेकार पोरांबद्दलची पोटतिडीक खरी आहे, ती मी नाकारत नाही. पण मेसेजमधलं एकेक वाक्य उचलून बघितलं तर त्यातलं फारसं काही टिकत नाही.

‘ढिगाने बेकार.’ हो, आहेत. एके काळी महाराष्ट्रात गल्लोगल्ली डीएड कॉलेजं निघाली, आईबापांनी शेत गहाण टाकून पोरांना तिथं घातलं. २०११ ला पटपडताळणी झाली, बोगस पट उघडा पडला, २०१२ पासून भरतीला खीळ बसली आणि ती पिढी टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा), अभियोग्यता चाचणी, पवित्र पोर्टल (शिक्षकभरतीची सरकारी वेबसाइट) करत ताटकळत राहिली. पण त्यांची पदवी सर्वसाधारण शिक्षकाची. विशेष शिक्षकाचा डीएड किंवा बीएड हा वेगळा अभ्यासक्रम आहे आणि त्याला मान्यता देते ती भारतीय पुनर्वास परिषद. तो पूर्ण करून परिषदेच्या नोंदवहीत नाव चढलं, नोंदणी क्रमांक मिळाला, की मगच विशेष शिक्षक म्हणून काम करता येतं. मिरजेत डॉक्टर पुष्कळ आहेत म्हणून कुणी मोतीबिंदू काढायला दातांच्या डॉक्टरकडे जात नाही.

‘आठवडाभराचं ट्रेनिंग द्या आणि नेमा.’ आधी कायद्याचं सांगतो. पुनर्वास परिषदेचा कायदा १९९२ चा. नोंदणी नसताना हे काम करणाऱ्याला त्यात एक वर्षापर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. म्हणजे मेसेजवाल्यांना ज्या पोरांची कणव आली, त्यांनाच ते कलमाखाली उभं करतायत.

कायदा क्षणभर बाजूला ठेवू. दोन वर्षांत शिकवतात तरी काय? कानाला यंत्र लावलेलं पोर वर्गात आलं की विशेष शिक्षक आधी यंत्र चालू आहे का बघतो, मग स्वतःचं तोंड झाकून आ, ई, ऊ, म, स, श हे सहा आवाज काढतो आणि मुलाला परत काढायला लावतो. ‘स’ गेला, ‘ऊ’ राहिला, यावरून बोलण्यातला कुठला भाग त्याच्यापर्यंत पोचत नाही हे कळतं. मग वर्गशिक्षकाला सांगतो, फळ्याकडे तोंड करून बोलू नका, ते पोर तुमच्या ओठांवर अवलंबून आहे. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलीला दुकानातून बिस्किटाचा पुडा आणायला शिकवायचं तर त्या एका कामाचे दहा-पंधरा तुकडे करतो आणि कधी कधी शेवटच्या तुकड्यापासून मागे मागे शिकवत येतो, म्हणजे काम पुरं झाल्याचा आनंद तिला पहिल्याच दिवशी मिळतो. अंध मुलाने ब्रेलमध्ये लिहिलेली वही ज्याला ब्रेल येत नाही तो तपासणार कशी? अध्ययन अक्षमतेचं पोर तर बाहेरून अगदी इतरांसारखंच दिसतं. वेलांट्या-मात्रा गाळतं, अक्षरं उलटी-पालटी करतं आणि चौथीपर्यंत ‘आळशी’ हा शिक्का घेऊन बसतं. त्याला आळस नाही हे ओळखायला तयार डोळा लागतो. हे आठवड्यात बसवून दाखवावं कुणीही.

वर्गशिक्षकांची छोटी प्रशिक्षणं होतात, ती व्हावीतच. त्यातून मुलाला वर्गात सामावून कसं घ्यायचं हे कळतं. विशेष शिक्षकाच्या जागी उभं राहण्याइतकं मात्र कळत नाही.

‘एका शाळेत दोन-तीनच मुलं.’ हा मुद्दा वरवर सगळ्यात पटणारा. त्यांचाच आकडा धरू. दहा शाळांचं एक केंद्र, शाळेमागे तीन मुलं, म्हणजे केंद्रात तीस. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या रजनीश कुमार पांडे खटल्यात विशेष शिक्षकांचं प्रमाण ठरवायला लावलं. त्यानंतर केंद्र सरकारने सप्टेंबर २०२२ मध्ये प्राथमिकला दहा मुलांमागे एक आणि उच्च प्राथमिकला पंधरा मुलांमागे एक असं प्रमाण जाहीर केलं. तीसही प्राथमिकची धरली तर तीन शिक्षक, सगळी उच्च प्राथमिकची धरली तरी दोन. आणि राज्याने २०२४ मध्ये मंजूर केलेली पदं ४८६०, म्हणजे केंद्रामागे एक. मेसेजवाल्यांच्या स्वतःच्या हिशेबानेच ही पदं कमी पडतात. प्रत्येक शाळेला पूर्णवेळ विशेष शिक्षक द्या असं कुणी म्हणतही नाही. हा शिक्षक फिरताच असतो. पण शाळा दहा आणि आठवड्याचे दिवस सहा. एका मुलाच्या वाट्याला पंधरवड्यातून एखादा दिवस येतो, तोही गाडी वेळेवर मिळाली तर.

शिवाय सरासरीचं गणित आमच्या जिल्ह्यात जतला जाऊन अडतं. तालुका मोठा, वस्त्या विखुरलेल्या, आणि उमदी-संख पट्ट्यात घरात कन्नड. जिल्हा परिषदेच्या कन्नड माध्यमाच्या शाळा तिथं आहेत. बोलायला उशीर झालेल्या मुलावर काम करायचं ते त्याची आई ज्या भाषेत हाक मारते त्या भाषेत. सांगलीहून पाठवलेला मराठी विशेष शिक्षक कितीही हुशार असो, तिथं निम्मा लुळा पडतो. म्हणजे नोंदणी हवी, त्या प्रकारच्या अक्षमतेचं शिक्षण हवं, कन्नड हवं आणि जतला राहायची तयारी हवी. अशी किती माणसं त्या ढिगात सापडतील? टंचाई म्हणतात ती याला. पोरं ऊसतोडीला आईबापांबरोबर निघून गेली की केलेलं काम मधेच तुटतं, ते आणखी निराळं.

‘कॉलेजं वाढवा.’ इथं मी अर्धा सहमत आहे, आणि उरलेल्या अर्ध्यासाठी जरा थांबतो. डीएड कॉलेजं वाढवून काय झालं ते आपण वर बघितलंच. विशेष शिक्षकाच्या बाबतीत तर अडचण कॉलेजाच्या दाराबाहेर आहे. सर्व शिक्षा अभियानापासून हे शिक्षक कंत्राटावर घेतले गेले. ठरावीक महिन्यांची ऑर्डर, मध्ये खंड, मग पुन्हा ऑर्डर. वयाची पंचेचाळिशी आली तरी ‘मानधन’. हे बघून बारावी झालेली शहाणी मुलगी दोन वर्षं कशाला घालवेल? तिचे आईबाप तिला नर्सिंगला घालतात, आणि बरोबर करतात. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना मंजूर पदं जाहीर करायला आणि वर्षानुवर्षं कंत्राटावर राबणाऱ्यांची पात्रता तपासून त्यांचा प्रश्न सोडवायला सांगितलं, ते यामुळेच. आधी पद, मग विद्यार्थी, मग कॉलेज. उलट्या क्रमाने गेलं की पुन्हा रिकाम्या इमारती आणि विकत घेतलेली सर्टिफिकेटं.

कॉलेजांना मात्र मी सोडणार नाही. यांचा अभ्यासक्रम बहुतेक एकाच अक्षमतेभोवती बांधलेला असतो : कुणी श्रवणदोषाचा, कुणी दृष्टिदोषाचा, कुणी बौद्धिक अक्षमतेचा. खेड्यातल्या केंद्रात सगळी मुलं येतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अक्षमतेचे प्रकार सातावरून एकवीसवर नेले. आणि सरावपाठ बहुधा शहरातल्या विशेष शाळेत, तयार साहित्याच्या खोलीत. पाचवीच्या चाळीस मुलांत मागच्या बाकावर बसलेल्या एकाशी काय करायचं याचा सराव फार थोडा. वाढवायचंच असेल तर कॉलेजांच्या पाट्यांआधी हे वाढवा : जिल्हा परिषदेच्या शाळांत महिनोन्महिने सराव, आणि जतसाठी कन्नड बोलणारे विद्यार्थी हेरून त्यांना शिष्यवृत्ती.

परदेशाचा दाखला देणाऱ्यांसाठी एवढंच, की अमेरिकेत या मुलांच्या शिक्षणाचा कायदा १९७५ पासून आहे, कॉलेजं आपल्यापेक्षा कितीतरी जास्त आहेत, आणि तिथल्या बहुतेक राज्यांत विशेष शिक्षकांची टंचाई आजही आहे. शिकून येणाऱ्यांइतकीच सोडून जाणाऱ्यांची संख्या मोजावी लागते हे तिथं फार आधी कळलं.

‘विशेष शाळा आहेतच.’ आहेत, बऱ्याचशा मोठ्या गावांत. संखच्या सहा वर्षांच्या पोराला त्यासाठी वसतिगृहात टाकायचं का, हे त्याच्या आईला विचारावं. २०१६ चा तोच कायदा सहा ते अठरा वयाच्या लक्षणीय (किमान चाळीस टक्के) दिव्यांगत्व असलेल्या मुलाला शेजारच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क देतो. निवड त्याची आहे, ग्रुप ॲडमिनची नाही. आणि विशेष शाळेलाही शिक्षक लागतो तो त्याच नोंदवहीतला.